रिफर्ब डेस्कटॉप घेऊ का? दोन मशीन आठ महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

मी कराडला जीएसटी, इन्कम टॅक्स आणि टॅलीची कामं करते. ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली, मी आणि मदतीला एक मुलगी, जुलै आला की अजून एक जण. जुने दोन टॉवर होते, एक थर्ड जनरेशनचा आणि एक त्याच्याही आधीचा, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कळल्यापासून डोक्यात किडा होता की लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट आणि डीएससी (डिजिटल सहीचं टोकन) जिथं रोज लागतात त्या मशीनवर अपडेट न येणं काही बरं नाही. नव्या असेंबल्डचं कोटेशन मागवलं तर मॉनिटर सोडून एकाचे ३२ हजार. दोनाचे ६४. सीझनच्या आधी ६४ हजार काढायची माझी तयारी नव्हती, म्हणून रिफर्बिश्ड, म्हणजे कंपन्यांनी वापरून काढलेली आणि दुकानदाराने नीट करून विकलेली मशीनं.

घेतले दोन, दोन्ही डेल ऑप्टिप्लेक्स ३०६०. एक एसएफएफ, म्हणजे तो आडवा-उभा कसाही ठेवता येणारा बारीक डबा, त्यात आय फाइव्ह ८५००, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क), १५,५०० ला. दुसरा मायक्रो, तो तर जाड डायरीएवढाच असतो, त्यात ८५००टी, रॅम आणि एसएसडी तेवढीच, १६,००० ला. दोन्ही पुण्यातल्या एका दुकानातून, नाव देत नाही कारण पुढे थोड्या तक्रारी पण आहेत आणि तो माणूस तसा वाईट नाहीये.

आधी एक सांगते, कारण मला जो तो हेच विचारतो, "आय सेव्हन घेऊ का आय फाइव्ह?" अहो ते आय फाइव्ह आय सेव्हन बाजूला ठेवा, त्याच्यापुढचा आकडा बघा. ८५०० मधला ८ म्हणजे आठवी जनरेशन, १०५०० मधला १० म्हणजे दहावी. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालते, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. आता दुकानात गेलात की पहिलं मशीन पुढे येतं ते "आय सेव्हन आहे ताई, फक्त साडेनऊ हजार", आणि बघावं तर ४७७०, म्हणजे २०१३ चा प्रोसेसर! त्याच्यापेक्षा २०१७ चा आय थ्री ८१०० घेतलेला परवडला, त्यालाही चार कोअर आहेत, विंडोज ११ नीट चालते आणि वीज कमी खातो. पण आय सेव्हनचा स्टिकर बघितला की आपलं मन विरघळतं आणि दुकानदाराला ते बरोबर माहितीय.

काही जण सहाव्या-सातव्या जनरेशनवर पण विंडोज ११ टाकून देतात, चेकिंग बायपास करून. चालते, मी नाही म्हणत नाही, माझ्या भाच्याकडे तसंच आहे. पण मायक्रोसॉफ्ट त्याला सपोर्टेड धरत नाही आणि पुढचे अपडेट येतीलच असं नाही. आणि मुळात अपडेट यावेत म्हणूनच मशीन बदलायचं असेल तर असलं घ्यायचं कशाला. घरी सिरीयल बघायला, पोरांच्या प्रोजेक्टला घेताय तर खुशाल घ्या, सहावी जनरेशन खूप स्वस्त पडते.

आता मला खरी जी गोष्ट सांगायचीय ती प्रोसेसरची नाहीच. ती मशीनच्या पाठीची आहे. म्हणजे तुमच्या आत्ताच्या कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघा, टॉर्च लावून, आणि काय काय खोचलंय ते मोजा. मी हे केलं नाही आणि तीन आठवडे भोगलं.

माझा मॉनिटर जुना साडेअठरा इंची, त्याला फक्त व्हीजीए, ती जुनी निळ्या टोकाची वायर. एसएफएफच्या मागे डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय, व्हीजीए नाही, या मॉडेलला तो ऑप्शनल होता आणि ज्या कंपनीने ही मशीनं आधी घेतली होती त्यांनी घेतलेला नव्हता. ठीक आहे, ४५० रुपयांचा कन्व्हर्टर. मग प्रिंटर. माझ्याकडे अजून टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स आहे, जुना पॅरलल पोर्टवाला (यूएसबीच्या आधीची रुंद पिनांची वायर), दोन होलसेल किराणावाल्यांची बिलं कार्बन लावून त्याच्यावरच निघतात आणि ते काही केल्या लेझरवर यायला तयार नाहीत. यूएसबीची पॅरलल केबल आणली, तिच्यावर टॅलीची प्रिंट आली पण त्यांचं जुनं डॉसमधलं बिलिंग काही प्रिंटरला ओळखेना. शेवटी पॅरलल पोर्टचं कार्ड मागवलं ९०० रुपयांचं, आणि ते आलं ते मोठ्या पत्र्याचं! एसएफएफमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, त्यासाठी कार्डाला छोटा पत्रा लावावा लागतो, तो पाकिटात असतो कधी कधी, माझ्या पाकिटात नव्हता. परत पाठवलं, दुसरं आलं, त्यात छोटा पत्रा होता, दोन स्क्रू काढून बदलला आणि मग बसलं. मायक्रोमध्ये तर हा प्रश्नच येत नाही, कारण असलं कार्ड बसवायला त्यात जागाच नाही. त्यामुळे जुना प्रिंटर, सिरीयल पोर्टचा वजनकाटा, असलं काही असेल तर मायक्रोच्या वाटेला जाऊ नका, कितीही गोंडस दिसला तरी.

यूएसबी मोजा. एसएफएफला पुढे चार मागे चार, मायक्रोला एकूण सहा. ऐकायला खूप वाटतात. कीबोर्ड, माऊस, लेझर प्रिंटर, स्कॅनर, झाले चार. वायफाय? या ऑफिसच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा वायफाय नसतंच, कारण कंपनीत सगळं लॅनच्या वायरीवर चालायचं, त्यामुळे वायफायचा डोंगल, पाच. आता क्लायंटचं डीएससी टोकन लावलं की सहा, आणि तो म्हणाला "मॅडम, पेनड्राईव्हमध्ये द्या ना" की काहीतरी उपटायचं. आमच्या मुलीने दोनदा वायफायच उपटला, चालू अपलोडमध्ये.

माईक आणि कॅमेरा नसतात, स्पीकर असला तर आतला बारकासा. नोटिशीची सुनावणी व्हिडिओवर लागली तर मी मोबाईलवरूनच करते.

दुकानात काय काय बघितलं ते सांगते. भाच्याने फोनवर मला पढवून पाठवलं होतं, "मावशी, तू काही बोलू नको, फक्त हे हे करून बघ." पहिलं म्हणजे मशीन चालू करताना एफ टू दाबत राहायचं, बायोस उघडतं, म्हणजे विंडोजच्या आधीचं मशीनचं स्वतःचं सेटिंग. तिथं पासवर्ड मागितला तर "आधी हे काढून द्या, मग बोलू" म्हणायचं. कंपन्यांनी लावलेले असतात, काढायचे राहून जातात. दुसरं, डेलच्या डब्यावर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, तो डेलच्या साईटवर टाकला की मशीन कंपनीतून कधी बाहेर पडलं आणि तेव्हा त्यात काय होतं ते दिसतं. माझं एसएफएफ २०१९ चं, तेव्हा त्यात ८ जीबी आणि हार्डडिस्क होती, म्हणजे ८ ची दुसरी रॅम आणि एसएसडी दुकानदाराने घातली. यात काही चूक नाही, रिफर्बिश करणं म्हणजे हेच, फक्त कळलेलं बरं. (आम्ही घेतल्यानंतर रॅमचे भाव जे काही चढले ते बघता, रॅम पहिल्यापासूनच १६ ची घ्या, नंतर टाकू म्हणाल तर नंतर रडाल.)

तिसरी गोष्ट विंडोजची, इथं जरा मजा झाली. स्टार्टमध्ये सीएमडी उघडून एस एल एम जी आर, स्पेस, स्लॅश, एक्स पी आर असं टाईप करायचं आणि एंटर. एक छोटी खिडकी येते. त्यात पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड असं लिहून आलं की ठीक. माझ्या एसएफएफवर आली ती तारीख. साधारण सहा महिन्यांनंतरची.

मी म्हंटलं, "दादा, हे काय?"

"काही नाही ताई, ते सगळ्यांना तसंच येतं."

"मग सहा महिन्यांनी काय होणार?"

"या ना तुम्ही, परत मारून देऊ, पैसे नाही घेणार."

म्हणजे सहा महिन्यांनी मी सीपीयू घेऊन कराडवरून स्वारगेटला यायचं, विंडोज मारून घ्यायला! एकशेसाठ किलोमीटर. झालं असं होतं की टेक्निशियन सगळ्या मशीनवर एकच कॉपी ओततो, मोठ्या कंपन्यांच्या व्हॉल्यूम लायसन्सवाली, ती १८० दिवसांपुरतीच ॲक्टिव्हेट होते आणि कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं झालं की परत पुढे ढकलली जाते. आपल्या ऑफिसात तो सर्व्हर कुठला असणार. गंमत म्हणजे या मशीनच्या स्वतःच्या बायोसमध्ये विंडोज १० प्रोची ओरिजिनल की आहेच, डेलने घातलेली. साधं प्रो एडिशन कोरं टाकलं की ते ती की आपोआप उचलतं आणि मग ११ पण त्याच्यावर रीतसर चालते. मी अडून बसले, चहा प्यायले, पाऊण तासात त्याच्या पोराने कोरं टाकून दिलं, आणि परत ती कमांड मारली तर पर्मनंटली. ज्याला कायदेशीर विंडोज पाहिजे त्याने ही एक कमांड पाठ करून जा, बाकी काही नाही जमलं तरी.

एसएसडी दोन्हीकडे वेगवेगळी निघाली. एसएफएफमध्ये नवीन, मायक्रोमध्ये जुनी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्क किती तास चालली ते दिसतं. मायक्रोवाली २१ हजार तास. रोजचे दहा तास धरले तर २१०० दिवस. हेल्थ ८४ टक्के दाखवत होती, म्हणजे मरायला टेकलेली नाही, पण टॅलीचा डेटा मी तिच्यावर ठेवत नाही. खरं तर कुठल्याच एका डिस्कवर ठेवू नये, पण ते जाऊ दे.

आता वापराबद्दल. टॅली प्राईम दोन कंपन्या उघड्या, एक्सेलमध्ये जीएसटीच्या टूबी स्टेटमेंटची फाईल, क्रोममध्ये जीएसटी पोर्टल, इन्कम टॅक्स, दोन बँका, आणि व्हॉट्सॲप वेब, हे सगळं एकदम उघडं असतं आमच्याकडे आणि एसएफएफ हू का चू करत नाही. आधीच्या टॉवरवर सकाळी बटण दाबून मी देवाला दिवा लावून यायचे तरी गोल गोल फिरतच असायचं. आता कुलूप काढून खुर्ची पुसेपर्यंत तयार. यातला अर्धाअधिक फरक एसएसडीचा आहे हे पण प्रामाणिकपणे सांगते, जुन्या मशीनला एसएसडी टाकली तरी तुम्हाला जादू वाटेल, फक्त विंडोजचा प्रश्न तसाच राहील. मायक्रोमधला टी वाला प्रोसेसर कमी विजेचा असतो, ३५ वॉटचा, साध्या ८५०० चा ६५. कोअर दोघांनाही सहाच, वेग टी ला कमी. टॅलीत काही कळत नाही. एक्सेलमध्ये चाळीस-पन्नास हजार ओळींवर व्हीलूकअप ओढला तेव्हा कळलं, एसएफएफ आधी मोकळा झाला.

विजेचं मात्र मायक्रोने मन जिंकलं. मीटरवालं प्लग आणून मोजलं मी, चाळा म्हणून. जुना टॉवर नुसता चालू असला तरी ६० वॉट, मायक्रो साध्या कामात १२ च्या आसपास. दिवसाचे दहा तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेपंधरा युनिटच्या जागी तीन. बिलापेक्षा मला यूपीएसचं कौतुक जास्त. तोच ६०० व्हीएचा यूपीएस, आधी लाईट गेली की दहा मिनिटात पीं पीं करायचा, आता मायक्रो आणि मॉनिटर पाऊण तास खेचतो. मंगळवारी आमच्याकडे मेंटेनन्सला लाईट जाते, तेव्हा एसएफएफ बंद करून आम्ही दोघी मायक्रोवर बसतो.

तर त्या मायक्रोचंच दुखणं आता सांगते. आणल्यावर तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, मॅडम हा स्लो झालाय. बघितलं तर चालू होताना काळ्या स्क्रीनवर इंग्लिशमध्ये काहीतरी येत होतं आणि ती बिचारी रोज एफ वन दाबून पुढे जात होती. लिहिलं होतं की अडॅप्टर कुठला आहे ते ओळखता येत नाहीये. मायक्रोला लॅपटॉपसारखा बाहेरून अडॅप्टर असतो ना, डेलचा ओरिजिनल असला की मशीन त्याला ओळखतं, डुप्लिकेट असला की ओळखत नाही आणि सावधगिरी म्हणून स्वतःचा वेगच कमी करून टाकतं. सहा कोअरचा प्रोसेसर आणि बैलगाडी! दुकानात लावलेला अडॅप्टर वेगळा होता आणि पॅक करून दिला तो वेगळा, हे मी शपथेवर सांगू शकते पण सिद्ध करू शकत नाही. फोन केला तर "ताई, अडॅप्टर वॉरंटीत येत नाही". नवऱ्याच्या बंद पडलेल्या डेल लॅपटॉपचा बारीक पिनवाला ६५ वॉटचा अडॅप्टर कपाटात होता, तो लावला आणि मशीन सुतासारखं सरळ झालं. नसता तर हजार-दीड हजार गेले असते. तेव्हा मायक्रो घेताना अडॅप्टर हातात घेऊन बघा, आणि ज्याच्यावर मशीन चालवून दाखवलं तोच पिशवीत टाकायला लावा, तुमच्या डोळ्यांसमोर.

दुसरं दुखणं ४० रुपयांचं. एका महिन्याच्या १९ तारखेला, म्हणजे थ्रीबी, महिन्याचा जीएसटी रिटर्न, भरायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, सकाळी एसएफएफवर पोर्टल उघडेना. कनेक्शन सुरक्षित नाही वगैरे येत होतं. आम्हाला वाटलं पोर्टल झोपलं, १९-२० ला ते झोपतंच, त्यात काय नवीन, म्हणून आम्ही निवांत दुसरं काम काढलं. अकरा वाजता लक्षात आलं की बँकेची साईट पण उघडत नाहीये, आणि डीएससी म्हणतंय सर्टिफिकेट चालणार नाही. मग मुलीचं लक्ष खाली कोपऱ्यात गेलं. तारीख, १ जानेवारी, आणि साल कुठलं तरी भलतंच जुनं. रात्री मेन स्विच बंद करून जातो आम्ही, आणि मदरबोर्डवरचा तो बटणासारखा सेल, सीआर२०३२, संपलेला. सहा-सात वर्षांच्या मशीनचा तो संपणारच, यात डेलला काय बोलणार, पण रिफर्बिश केलं म्हणता तर चाळीस रुपयांचा सेल टाकायला काय झालं होतं? एसएफएफचं झाकण स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतं, सेल आम्हीच बदलला. तुम्ही घरी आणलं की पहिल्याच दिवशी बदलून टाका, संपायची वाट बघू नका. झाकण काढलंच आहे तर ब्रशने धूळ पण काढा. आमच्यातून निघालेल्या धुळीत हिंजवडी होती की मगरपट्टा देव जाणे.

बिलाचं. पक्कं बिल घ्या, त्यावर सर्व्हिस टॅग लिहून घ्या, वॉरंटी किती महिने आणि कशाकशाची ते पण. जीएसटीत रजिस्टर असाल तर अजून एक गोष्ट, बिलावर टॅक्स वेगळा दाखवलाय का ते बघा. माझ्या १५,५०० मध्ये १८ टक्क्यांनी २,३६४ रुपये टॅक्सचे होते, ते मला क्रेडिटला मिळाले. काही डीलर जुन्या मालाला नुसत्या मार्जिनवर टॅक्स भरतात, ते चुकीचं नाही, पण त्या बिलावर आपल्याला क्रेडिट नाही. दोन दुकानांच्या भावात पाचशेचा फरक बघून उड्या मारण्याआधी हे बघा. वॉरंटी मला एक वर्षाची मिळाली पण मशीन दुकानात नेऊन द्यायचं या बोलीवर. पुण्यातल्या माणसाला ठीक. माझ्यासारखीला जाऊन येऊन एक दिवस आणि एसटीचं भाडं. आता मला वाटतं, हजार रुपये जास्त देऊन कराड-साताऱ्यातल्याच माणसाकडून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

कुणी घेऊ नये? ज्यांना फोटो अल्बम, व्हिडिओ एडिटिंग करायचंय त्यांनी. एसएफएफमध्ये मोठं ग्राफिक कार्ड बसत नाही, पॉवर सप्लाय बारका, आणि त्याचे कनेक्टर डेलचे स्वतःचे, बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही, म्हणजे तो उडाला की तसलाच शोधत फिरा. गेम खेळणाऱ्या पोरासाठी तर नकोच, तो तुमच्याशी बोलणार नाही. आणि ज्यांचा स्वभावच असा आहे की थोडं काही झालं की जीव खाली-वर, त्यांनी सरळ नवं घ्यावं, तीन वर्षं डोक्याला ताप नाही.

मला विचाराल तर एसएफएफवर मी खूश आहे, परत घेईन. मायक्रो पण परत घेईन, पण अडॅप्टरकडे बघत बघत.

परवा धाकट्या दिराचा फोन आला, हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं, "वहिनी, तुमच्यासारखा तो छोटा डबा पाहिजे मला, काउंटरवर जागा नाही." म्हंटलं आधी मागच्या बाजूचा फोटो पाठव. त्याने पाठवला. बारकोडचा प्रिंटर, स्कॅनर, काट्याची नऊ पिनांची वायर, कॅमेऱ्याचं काहीतरी, एक मोबाईल चार्जिंगला, आणि व्हीजीएच्या वायरीवर निवांत बसलेली पाल. त्याला एसएफएफ सांगितलाय.